फी भरल्यानंतर : शैक्षणिक पालकत्वाचा एक आढावा

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमाली करतात किंवा हयात नाहीत, मुलीला नव्वदच्या वर टक्के आणि खाली मदतीचे आवाहन. आठवडाभरात धनादेश जमा होतात, सत्काराचा फोटो छापून येतो. त्या मुलीचे दुसऱ्या सत्रात काय झाले, वसतिगृह मिळाले का, गणितात विषय राहिला तेव्हा तिच्या मागे कोण उभे राहिले, हे मात्र सहसा छापून येत नाही. शैक्षणिक पालकत्वाबद्दल आपल्याकडे बरीच चर्चा होते, पण ती बहुतेक त्या पहिल्या आठवड्याचीच असते. विषयाला मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एकमेकांशी न पटणाऱ्या भूमिका आहेत, आणि अलीकडे मोजूनमापून केलेले काही अभ्यासही आहेत.

वार, बोर्डिंग आणि कर्ज

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात गरीब विद्यार्थी शिकायचा तो वार लावून किंवा माधुकरी मागून. सात वार, सात घरे. ज्या घरी जेवायला जायचे तिथली मंडळी अभ्यासाची विचारपूस करीत, परीक्षा कधी आहे हे त्यांना ठाऊक असे. अपमानही तिथेच गिळावे लागत. व्यवस्था कमी खर्चाची होती आणि टिकली, पण ती जवळजवळ एकाच जातीची होती. शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या मुलांना त्या सात घरांपैकी एकाचाही उंबरा मोकळा नव्हता.

तो मोकळा करण्याचा प्रयत्न कोल्हापुरात शाहू महाराजांनी केला. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण मुलेच राहिली, तेव्हा त्यांनी वाट बदलली. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आले. जातवार वसतिगृहांमुळे जाती घट्ट होतात, हा आक्षेप तेव्हापासूनचा. प्रत्येक समाज आपल्या मुलांसाठी पैसा उभा करतो, हे त्यावरचे उत्तरही तेव्हाचेच. दोन्ही बाजू आजच्या समाजनिहाय शिष्यवृत्ती निधींच्या चर्चेत जशाच्या तशा ऐकू येतात.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला आणि तिथल्या सोवळ्याओवळ्याशी खटका उडालेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुले एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवत, शेतात राबत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही विकायला काढले, ही गोष्ट साताऱ्याकडे घराघरांत सांगितली जाते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेचे बोधवाक्य. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की मदत घ्यायची ती श्रम देऊन.

तिसरी वाट उद्योगपतींची. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी निधी उभारला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या रूपात. घेतलेले पैसे परत आले की ते पुढच्या विद्यार्थ्याला जातात. सुरुवातीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. परदेशातून परतून त्यांनी कोल्हापुरातच रुग्णसेवा केली. पुढे के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हेही याच निधीचे कर्जदार झाले. राष्ट्रपती आणि खगोलशास्त्रज्ञ एकाच खातेवहीत सापडावेत, याची मला नेहमी गंमत वाटते.

बडोद्याचा करार

मदत आणि परतफेड यांचे नाते समजून घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. दादा केळुसकर गुरुजींच्या ओळखीने त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. अट होती शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची. ४ जून १९१३ रोजी त्यांनी तसा करार केला.

१९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले, तिथूनही जमावाने बाहेर काढले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले. करारावर सही करणाऱ्या दोन्ही बाजूंची इच्छा असूनही परतफेड झाली नाही, कारण तिसरी बाजू, म्हणजे भोवतालचा समाज, करारात कुठेच नव्हती.

त्यानंतर लंडनमध्ये सुरू करून अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते १९२० मध्ये गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पैसे यांच्या जोरावर. या वेळी नोकरीची अट कोणी घातली नव्हती. परतल्यावर १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. मिलिंदच्या आवारातून दलित साहित्याची एक अख्खी पिढी उभी राहिली. देणाऱ्याच्या हिशेबाने बघायचे तर बडोद्याची शिष्यवृत्ती बुडीत खात्यात गेली. आणि तरी महाराष्ट्रात दिल्या गेलेल्या कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा तिने जास्त दिले. एका असामान्य माणसावरून नियम काढू नये हे खरे. पण परतफेड मोजायची ती कुणाच्या वहीत, हा प्रश्न इथे स्पष्ट दिसतो.

विठ्ठल रामजी शिंद्यांचे उदाहरण तसेच आहे. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या मदतीवर त्यांचे कॉलेज झाले, युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजातले शिक्षण. १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले ते ज्यांच्याकडून काही घेतले नव्हते त्यांच्यासाठी.

सरकार आल्यावर

स्वातंत्र्याच्या थोडे आधी, १९४४ मध्ये, केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या आवारात तिला अजूनही ‘जीओआय’ (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया) म्हणतात. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत आली आणि जात न पाहता कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांची फी माफ झाली. खेड्यापाड्यांतली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून यांची पहिली फळी या सवलतीवर घडली. १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. अलीकडे वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आली, आणि २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली.

सरकारी मदतीचा मोठा गुण हा की ती हक्काची असते. कुणापुढे हात जोडून उभे राहावे लागत नाही. तिची अडचण वेळेची. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, आधार जोडलेले बँक खाते, महाडीबीटीवरचा अर्ज, कॉलेजची मंजुरी, मग समाजकल्याणची. या वाटेने पैसे येईपर्यंत कधी वर्ष उलटते. खोलीचे भाडे आणि मेसचे बिल मात्र पाच तारखेलाच द्यायचे असते. खासगी मदतीला जागा निर्माण होते ती बहुधा या फटीत.

संस्था आणि दाते

पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या मुलांना कमी पैशांत राहण्या-जेवण्याची सोय, वसतिगृहातली कामे मुलांनीच करायची आणि शिकता शिकता थोडे कमवायचेही, ही तिची रीत. तिचे माजी विद्यार्थी आजही देणगी देतात, मुलांना मार्गदर्शन करतात, समितीच्या कारभारात असतात. १९९० च्या दशकातले लीला पूनावाला फाउंडेशन मुलींपुरते आहे आणि पैशांबरोबर इंग्रजी, संगणक, मुलाखतीची तयारी यांवर भर देते. कंपनी कायदा, २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्यातला बराच पैसा शिक्षणात येऊ लागला, आणि त्याच्याबरोबर अहवाल, तक्ते आणि लाभार्थ्यांचे फोटोही आले.

शिवाय व्यक्तिगत पालक आहेत: एखादी निवृत्त बँक कर्मचारी, अमेरिकेतला जुना इंजिनिअर, गावच्या शाळेची १९८५ ची बॅच. त्यांची मोजदाद कुठेच नाही. त्यांच्या मदतीत ओळख असते, फोन असतो, दिवाळीला घरी बोलावणे असते. कधी त्याच ओळखीतून ‘आमच्या मुलाने कॉमर्स का घेतले’ अशी नाराजीही येते.

मोजमाप काय सांगते

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, अशा मदतीचा दीर्घकाळ पाठपुरावा केलेले अभ्यास थोडे आहेत. महाराष्ट्राबाहेरचे तीन-चार मात्र उपयोगी आहेत.

ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज यांनी २०१३ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती प्रसिद्ध केली. कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेने लहानपणी पालकत्व घेतलेली मुले मोठेपणी कशी आहेत, हा प्रश्न होता. वयाच्या अटीमुळे थोडक्यात हुकलेली भावंडे तुलनेला होती. पालकत्व मिळालेल्यांचे शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढले आणि माध्यमिक शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण १२ ते १८ टक्के बिंदूंनी वाढले. मोठेपणी समाजात पुढारपण करणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. संशोधकांनी पुढे जकार्तात मुलांनी काढलेली स्वतःची चित्रे तपासली, कारण त्यांचा संशय होता की पैशाइतकेच आशेनेही काम केले असावे.

घानात एस्थर डुफ्लो, पास्कलिन दुपा आणि मायकल क्रेमर यांनी २००८ पासून एक प्रयोग केला. माध्यमिक शाळेत प्रवेश मिळूनही फी नसलेल्या दोन हजारांवर मुलांपैकी ६८२ जणांना चिठ्ठ्या टाकून शिष्यवृत्ती दिली. शिक्षण वाढले, मुलींची लग्ने आणि बाळंतपणे लांबली. कमाईतला फरक मात्र सरसकट मोठा निघाला नाही. नंतरच्या अभ्यासात दिसले की शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींची पुढे झालेली मुले अधिक जगली आणि आकलनात पुढे होती. आता याला परतफेड म्हणायचे की नाही? कुठल्याही देणगीदाराच्या अहवालात हा रकाना नसतो.

बिहारमध्ये २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांना त्यामुळे माध्यमिक वर्गांतल्या मुलींच्या नावनोंदणीत ३२ टक्के वाढ दिसली. अडथळा फीचा नव्हता, शाळेपर्यंतच्या रस्त्याचा होता. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने फीची तूट भरून काढण्याबरोबर पुस्तके, प्रवासाचा पास आणि ठरलेला सल्लागार दिला, तेव्हा तीन वर्षांत पदवी पुरी करणारे २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. वारावर जेवणाऱ्या मुलाला ‘परीक्षा कधी रे?’ असे विचारणारे घर होते; सल्लागाराचे काम काहीसे तेच आहे.

तीन वाद

पहिला, गुण की गरज. राष्ट्रीय पातळीवरची आठवीची एनएमएमएस परीक्षा उत्पन्नाची मर्यादा घालून हुशार मुले निवडते आणि वर्षाला १२,००० रुपये देते. दातेही ‘गरीब पण हुशार’ हेच सूत्र धरतात. बाजू मांडणारे म्हणतात, पैसा थोडा आहे, तो टिकेल तिथे लावावा. विरोधी बाजू म्हणते, नव्वद टक्केवाल्याला कुणी ना कुणी भेटतोच. साठ टक्क्यांची मुलगी, जी सकाळी पाणी भरून आणि भावंडांना सांभाळून शाळेत येते, तिचे शिक्षण मात्र दहावीलाच थांबते. पुराव्याचा कल मला दुसऱ्या बाजूकडे झुकलेला दिसतो, कारण मदतीने सर्वांत मोठा फरक पडतो तो तिच्याविना नक्की गळणाऱ्यांत. पण दात्याला यशाची गोष्ट हवी असते, आणि संस्थेला पुढच्या वर्षी दाता हवा असतो.

दुसरा, देणगी, कर्ज की श्रम. श्रमाच्या बाजूने भाऊरावांची परंपरा आहे. विद्यापीठांतल्या ‘कमवा आणि शिका’ योजना तिच्याच. हात पसरावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. टीका अशी की ज्या तासांत श्रीमंत मूल क्लासला जाते त्याच तासांत गरीब मूल ग्रंथालयातली पुस्तके लावते, आणि परीक्षा दोघांची एकच. कर्जाच्या बाजूने टाटा निधीचे फिरते भांडवल आहे. पण परदेशी पदवीनंतरचा पगार आणि तालुक्याच्या ठिकाणच्या बीएनंतरचा पगार यांत अंतर फार आहे, आणि कर्जाच्या नावानेच शेतमजुराच्या घरात धाकधूक सुरू होते.

तिसरा, सन्मानाचा. जगभरच्या बालपालकत्व संस्थांवर १९८० च्या दशकापासून टीका झाली की मुलाचा फोटो आणि आभाराचे पत्र हीच विक्रीची वस्तू बनते. आपल्याकडे मंचावर पाकीट स्वीकारणारा विद्यार्थी हे त्याचे स्थानिक रूप. काही संस्थांनी सत्कार बंद केले, नावे गुप्त ठेवली. त्यांनाही अडचण आली: चेहरा दिसला नाही की देणग्या आटतात. मध्यममार्ग म्हणून समूहाचे पालकत्व पुढे आले, म्हणजे दाता एका मुलाचा नव्हे, वसतिगृहातल्या एका खोलीचा किंवा एका वर्गाचा. तो कितपत टिकतो हे अजून ठरायचे आहे.

परत देणे

‘शिकून मोठा झालास की समाजाला विसरू नकोस’ हे वाक्य प्रत्येक शिष्यवृत्ती समारंभात असते. ही अपेक्षा दुखरीही आहे. १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत डॉ. आंबेडकरांनी शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केल्याचे बोलून दाखवले होते. एका बाजूचे म्हणणे आजही तेच, की मदत घेऊन वर गेलेले परत वळून पाहत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, पहिल्या पिढीच्या कमावत्या माणसावर आधीच घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, भावाची फी, गावाकडच्या घराचे छप्पर असते. तो परतफेड करतच असतो, फक्त ती आपल्या घरापासून सुरू होते. श्रीमंत घरच्या मुलाकडे त्याच्या शिक्षणाचा असा हिशेब कुणी मागत नाही, हा मुद्दाही खोडून काढता येत नाही.

रयतचा अनुभव इथे पुन्हा उपयोगी पडतो. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि भाऊरावांच्या संस्थेतच शिकवू लागले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे ते एकटे नव्हते. संस्थेला तिचे आजीव सेवक आणि शिक्षक मोठ्या प्रमाणात तिच्याच वसतिगृहांतून मिळाले. त्यांना बंधपत्राने बांधले नव्हते. परतण्यासारखी जागा तयार होती: नवी शाळा उघडत होती, तिला मास्तर हवा होता आणि तो बोर्डिंगचाच असावा अशी अपेक्षा होती. बडोद्यात करार होता, जागा नव्हती. साताऱ्यात जागा होती, कराराची गरज पडली नाही. परत देण्याची इच्छा माणसात निर्माण करावी लागते असे आपण गृहीत धरतो. माझ्या मते ती बहुतेकांत असतेच, तिला वाट लागते. पुण्याच्या समितीचे माजी विद्यार्थी आणि सध्याचा एखादा कंपनी निधी यांतला फरकही तिथेच असावा. कंपनीच्या शिष्यवृत्तीतून बाहेर पडलेल्या मुलीने परत यायचे म्हटले, तर यायचे कुठे?

उत्तर न मिळालेले प्रश्न बरेच उरतात. पैसा पाचवीत दिलेला जास्त उपयोगी की पदवीच्या पहिल्या वर्षी, हे महाराष्ट्राच्या संदर्भात कुणी नीट तपासलेले नाही. २०२४ च्या फीमाफीने मुलींची संख्या वाढते की फक्त आधीच येणाऱ्या मुलींचा खर्च वाचतो, हे दिसायला आणखी काही वर्षे लागतील. मराठवाड्यातल्या किंवा मेळघाटातल्या मुलीला पुण्यात शिकायचे तर फीपेक्षा खोली आणि जेवण महाग पडते, आणि तिथे माफी लागू होत नाही. आणि जवळजवळ सगळ्या संस्था यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी ठेवतात. दुसऱ्या वर्षी मदत सोडून गेलेल्यांची, लग्न झाल्याने थांबलेल्यांची, दोनदा नापास होऊन कंपनीत कंत्राटी कामाला लागलेल्यांची यादी ठेवणारी संस्था शोधावी लागते. त्या दुसऱ्या यादीशिवाय पहिल्या यादीवरून काही सिद्ध करता येत नाही, आणि ती ठेवायला फार खर्चही येत नाही. वर्षातून एकदा फोन लावावा लागतो.